अंबरनाथच्या टाकीतलं कमी-जास्त

कुठल्याही लग्नामुंजीत मी पंगतीला बसलो की शेजारचा विचारतोच, "वैद्य, त्या पाम तेलाचं शेवटी काय झालं हो?" मी सांगायला लागतो आणि मठ्ठा येईपर्यंत माझं अर्धंही होत नाही. एक किस्सा सांगावा तर त्याला लागून दुसरा निघतो, दुसऱ्याला लागून तिसरा. आमच्या क्लेम सेक्शनमध्ये तेल नेहमी कमी भरलं, किस्से मात्र कधी कमी पडले नाहीत! आणि खरं सांगू का? शेवटी काय झालं ते मलाच अजून नीट कळलेलं नाही. ज्यांना कळलंय असं वाटत होतं, त्यांचाही नंतर गोंधळ उडालेला मी पाहिलाय.

नवख्यांसाठी थोडं आधीपासून सांगतो. स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं. आमचा साबणाचा कारखाना अंबरनाथला. साबणाला लागणारं पाम तेल मलायातून यायचं, ते डब्यात नाही, पिंपात नाही, बोटीच्या पोटातल्या टाकीत सुटं ओतलेलं. मुंबई बंदरात पंप लावून ते रेल्वेच्या टाकीवाल्या वाघिणींत भरायचे. वाघिणी अंबरनाथच्या सायडिंगला लागल्या की तेल कारखान्याच्या मोठ्या टाकीत सोडायचे आणि मोजायचे. मलायात भरलेलं आणि अंबरनाथला उतरलेलं, ही दोन मापं मी कधी जुळलेली पाहिली नाहीत. थोडा फरक असला तर चालायचं. बराच असला की बोटवाल्या कंपनीवर भरपाईचा क्लेम!

सेक्शनमध्ये आम्ही तिघं. टिपणीस साहेब मुख्य. भर मे महिन्यातही अंगातला कोट न काढणारे. दुसरा मेठाराम, फाळणीत कराचीहून सगळं सोडून आलेला, उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातल्या बराकीत आईबरोबर राहणारा. कराची बंदरात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. तिसरा मी, बदलापूरचा. कोर्टाची वेळ आली की फोर्टातले नाबर वकील.

आणि टाकीवर हिराजी भोईर. बदलापूरजवळच्या कात्रपचा. टाकीचे नळ, झडपा, वाफेचे पाइप सगळं त्याच्या हाताखाली. त्याच्यामुळेच तर हे सगळं सांगायचं.

* * *

एका खेपेला तेल भलतंच कमी आलं. बोटवाले म्हणाले, "आमची टाकी रिकामी करून, आत माणूस उतरवून, पुसून दिली. माल मोजणाऱ्या तुमच्याच सर्व्हेअरनं 'टाकी कोरडी' म्हणून सही केलीय. आत होतं तेवढं सगळं बाहेर आलं!" रेल्वे म्हणाली, "वाघिणींची सीलं शाबूत होती." मग राहिलं कोण? अंबरनाथची टाकी. आणि टाकीवर कोण? भोईर.

फोर्टातल्या आमच्या हेड ऑफिसच्या मोठ्या साहेबांनी फर्मान काढलं, चौकशी होईपर्यंत भोईरनं घरी बसायचं. पाठोपाठ कारखान्याच्या वॉच अँड वॉर्डचे, म्हणजे पहाऱ्याचे, सुभेदार कात्रपला त्याच्या घराची झडती घ्यायला गेले. फौजेत नाव कमावलेला माणूस. घरात शिरले, पेटी उघडली, कणगीत हात घातला, गोठ्यात काठी फिरवली. परत आले ते छाती पुढे काढून.

"तेल सापडलं!"

टिपणीस साहेब खुर्चीतून उठलेच. "किती?"

"एक बाटली. खोबरेल."

पाम तेलाच्या चोरीत खोबरेल पकडून आणणारा हा पहिलाच इसम असेल! बाटली टेबलावर तशीच उभी. तेवढ्यात गेटवर गलका झाला. भोईरची बायको बाटली मागायला अंबरनाथपर्यंत चालत आली होती.

"डोक्याला लावायचं तेल पन घरात ठेवायचं नाय काय?" तिनं विचारलं. बाटली तिला परत दिली.

तेव्हा आम्ही हसलो. पण तीच पुढं जे बोलली त्यावर मला हसता आलं नाही. ती म्हणाली, गावातल्या बाया रोज वाटी घेऊन दारात येतात, "तुमच्याकडं टाकीभर हाय, वाटीभर द्या," म्हणतात आणि तोंडाला पदर लावून हसत जातात. सांगता सांगता तिला रडू फुटलं. मला फार वाईट वाटलं. चोर ठरायच्या आधीच तो माणूस गावात चोर झाला होता.

* * *

क्लेम कोर्टात गेला. मुंबईच्या कोर्टात सगळं इंग्रजीत चालायचं, मी आपलं मराठीत सांगतो.

तयारीसाठी नाबर वकिलांनी आम्हाला फोर्टात बोलावलं आणि बोटवाल्यांची मालाची पावती पुढ्यात ठेवली. वर ठळक अक्षरांत तेलाचं वजन छापलेलं. टिपणीस साहेब खूश झाले. "झालं तर! वजन त्यांनीच लिहून दिलंय. आता पळतील कुठं?"

"खालचं वाचा," नाबर म्हणाले.

खाली बारीक अक्षरांत, "वजन आम्हाला माहीत नाही."

टिपणीस साहेबांनी वरचं वाचलं, खालचं वाचलं, मग पुन्हा वरचं वाचलं. "अहो, म्हणजे लग्नपत्रिकेत नवऱ्यामुलाचं नाव छापायचं आणि खाली टीप द्यायची, नवरामुलगा कोण ते आम्हाला ठाऊक नाही! असंच ना?"

"असंच."

"मग असलं लग्न लागतं?"

"बोटीच्या धंद्यात सगळी अशीच लागतात," नाबर म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला.

* * *

आमचे सर्व्हेअर म्हणजे म्हातारे पारशी गृहस्थ. त्यांची साक्ष निघाली. बोटीच्या टाकीत तेल मोजायची एक रीत आहे. वरच्या झाकणातून फीत सोडायची आणि तेलाच्या पातळीपर्यंतची मोकळी जागा मोजायची. एकूण टाकीतून मोकळी जागा वजा केली की उरलं ते तेल. सगळ्या जगात असंच मोजतात. आम्हाला त्यात नवल वाटायचं नाही. जज्जसाहेबांना वाटलं.

"तुम्ही तेल मोजलंत?"

"नाही हुजूर. मोकळी जागा मोजली."

"म्हणजे जिथे तेल नव्हतं, ती जागा?"

"होय हुजूर. अगदी काळजीपूर्वक!"

"मग अख्खी टाकी केवढी ते कुणी मोजलं?"

"बोट बांधणाऱ्यानं, हुजूर."

"त्याला साक्षीला बोलावता येईल?"

सर्व्हेअरनी बराच विचार केला. "बोटीचं वय बघता, हुजूर, तो आता हयात नसावा."

जज्जसाहेबांनी पेन खाली ठेवलं. टिपणीस साहेब माझ्या कानाशी कुजबुजले, "वैद्य, आपण जिंकतोय की हरतोय?" मी नाबर वकिलांकडे पाहिलं तर ते छताकडे बघत होते.

* * *

बोटवाल्यांच्या वकिलांनी मग वेगळाच मुद्दा काढला. म्हणे सुट्या तेलात वाटेत घट येणारच, हा दर्याच्या धंद्याचा रिवाज आहे, सगळ्या बंदरांत मानतात. रिवाज मोडून काढायला बंदरातला अनुभवी माणूस हवा. आमच्याकडे होता ना! मेठाराम.

मेठाराम आदल्या दिवशीच न्हाव्याकडे जाऊन आला. कोट कॅम्पातल्या शिंप्याकडून उसना आणला. पिंजऱ्यात उभा राहिला तो दूल्हा उभा राहतो तसा. नाबरांनी विचारलं, कराचीला तेल कमी यायचं का?

"कराची में?" मेठारामचा चेहरा फुलला. "कभी नहीं साईं! कराची की क्या बात! उधर सब माल पूरा का पूरा आता था. एक बूंद कम नहीं!"

नाबर समाधानानं खाली बसले. टिपणीस साहेबांनी माझा हात दाबला.

बोटवाल्यांचे वकील उठले. अगदी गोड आवाजात त्यांनी विचारलं, "मेठारामजी, कराचीला आपण कोणत्या खात्यात होता?"

"क्लेम खाते में."

"कमी आलेल्या मालाचे क्लेम?"

"जी."

"काम असायचं फारसं?"

आता कराचीतल्या आपल्या ऑफिसला कुणी रिकामटेकडं म्हटलेलं मेठारामला कसं खपावं? तो ताठ झाला. "काम? अरे साईं, बारा महीने सांस लेने की फुर्सत नहीं होती थी!"

कोर्ट हसलं. बाहेर आल्यावर टिपणीस साहेब त्याच्यावर असे काही भडकले! मेठाराम मात्र भांबावून उभा. "साहब, दोनों बात सच है," तो पुनःपुन्हा म्हणत होता. त्याचे डोळे भरून आले होते. कराचीतलं सगळं पुरंच होतं हो त्याच्या मनात, आता तिथं उरलं काही नव्हतं. मी त्याला चहा पाजला. रागावायचं तर मलाही होतं, पण जमलं नाही.

* * *

पुढचा किस्सा भज्यांचा. तो सांगितल्याशिवाय टिपणीस साहेबांच्या घरी मला आजही आत घेत नाहीत आणि सांगितल्यावर बसू देत नाहीत!

हे पाम तेल लालभडक; गरम असलं की पातळ आणि फुगलेलं, गार झालं की थिजून आकसलेलं. मलायात गरम मोजलं, इथं गार मोजलं, म्हणजे माप बदलणारच. हे जज्जसाहेबांना प्रत्यक्ष दाखवायचं असं नाबरांनी ठरवलं. त्याच खेपेतल्या तेलाचा एक डबा दोन्ही बाजूंच्या देखत गार असतानाच मोजून, तो आकडा कोर्टात देऊन, आमच्या ताब्यात दिला गेला. कोर्टाच्या दिवशी डब्यातलं तेल थिजलेलं नको म्हणून तो आदल्या संध्याकाळी मेठारामच्या बराकीत न्यायचा, सकाळी स्टोव्हवर ऊन करायचा आणि गोधडीत गुंडाळून पहिल्या गाडीनं फोर्ट गाठायचा, असा बेत. देखरेखीला स्वतः टिपणीस साहेब संध्याकाळीच कॅम्पात हजर.

साहेब घरी आलेले पाहून मेठारामच्या आईला कोण आनंद! मुलाचा साहेब निर्वासितांच्या बराकीत पायधूळ झाडतो म्हणजे काय! मेठाराम दूध आणायला गेला. म्हातारीनं बेसन कालवलं आणि बशीभर गरमागरम पकोडे साहेबांसमोर ठेवले.

"इतके लाल कसे हो?" साहेबांनी विचारलं.

म्हातारीला मराठी येत नव्हतं. ती हसली आणि तिनं आणखी चार वाढले. साहेबांनी मनाशी ठरवलं, सिंधी पद्धत असेल. दुसरी बशी त्यांनी मागून घेतली. दुसऱ्या दिवशी गाडीत सगळा वेळ पकोड्यांचंच कौतुक!

कोर्टात डबा उघडला. नाबरांनी गरम तेल आणि गार तेल यावर सुंदर भाषण केलं. मग शिरस्तेदारांनी तेल मोजलं. गरम तेल फुगायला हवं होतं. ते चांगलंच कमी भरलं!

बोटवाल्यांचे वकील सावकाश उठले. "हुजूर, वादीच्या ताब्यात गेलेलं तेल कसं कमी होतं, त्याचा पुरावा वादीनं स्वतःच आणलाय. मी त्यांचा आभारी आहे."

टिपणीस साहेबांनी मेठारामकडे पाहिलं. मेठारामनं साहेबांकडे पाहिलं. आणि साहेबांचा हात हळूहळू स्वतःच्या पोटावर गेला.

* * *

या सगळ्यात भोईरची अवस्था फार विचित्र झाली. बोटवाल्यांचे वकील म्हणायचे, टाकीवाल्यानं तेल चोरलं. आमचे नाबर म्हणायचे, टाकीवाला प्रामाणिक आहे. त्यावर बोटवाल्यांचे वकील म्हणायचे, "मग तुमच्याच कंपनीनं त्याला घरी का बसवलंय?" नाबर फोर्टातल्या साहेबांना म्हणाले, त्याला कामावर घ्या, नाहीतर केस हातची जाईल. साहेब म्हणाले, आधी केस जिंका, मग कामावर घेतो. म्हणजे भोईर कोर्टात प्रामाणिक आणि कारखान्यात चोर!

एकदा तो बदलापूरला माझ्या घरी आला. ओट्यावर बसला. बायकोनं चहा आणला तो त्यानं हातात तसाच धरून ठेवला.

"वैद्यभाऊ, मना ती बोट दाखवाल काय?"

"कशाला रे?"

"जिचं तेल मी चोरलं म्हनतात, ती मी आजून बघितली नाय."

तीच बोट तेव्हा बंदरात लागली होती, दुसराच काही माल घेऊन. मी त्याला नेलं. धक्क्यावर उभं राहून त्यानं मान मागे टाकली आणि बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. टोपी काढली, पुन्हा घातली.

"एवढ्या मोठ्या बोटीतून काय गेलं, काय ऱ्हायलं, तिलाच कलत नसंल," तो म्हणाला. "आन सुभेदार माज्या कनगीत हात घालून बघतो."

परत आल्यावर कात्रपच्या वाटेला लागताना म्हणाला, "भाऊ, पोरीला बघायला येनार होते ती मानसं आता येत नाय म्हनतात." मला तेव्हा त्या तेलाचा, त्या बोटीचा आणि आमच्या सेक्शनचाही मनापासून संताप आला होता.

* * *

आता शेवटचा.

साक्षी संपल्या. जज्जसाहेबांनाही काही उमगेना. ते म्हणाले, हीच बोट पुढच्या खेपेला याच टाकीतून हेच तेल आणणार आहे. तेव्हा ते दोन्ही पक्षांच्या माणसांदेखत, कोर्टाच्या कमिशनरसमोर, बोटीपासून अंबरनाथपर्यंत मोजा. तो टाकीवाला जवळपास फिरकता कामा नये. बघू किती कमी येतं ते!

फोर्टातून आम्हाला निरोप आला. या वेळी तेल बरोबर आलं, तर मागच्या वेळी भोईरनंच चोरलं हे सिद्ध झालं असं समजायचं, त्याला कायमचं काढायचं आणि पोलिसात द्यायचं. मी सुभेदारांना सांगून कात्रपला तसं कळवलं. कळवू नये असं वाटत होतं, पण कळवलं.

बोट आली. फीत सोडून मोकळी जागा मोजली. वाघिणींना दोन्हीकडची सीलं लागली. इंजिनाच्या मागच्या डब्यात कमिशनर स्वतः बसून आले. अंबरनाथच्या टाकीभोवती सुभेदारांनी माणसं उभी केली, सुभेदारांवर लक्ष ठेवायला बोटवाल्यांनी आपली माणसं उभी केली. भोईर त्या दिवशी कात्रपला घराच्या ओट्यावर बसून होता, आणि तो बसलाय ना हे बघायला एक शिपाई समोर बसला होता!

तेल टाकीत उतरलं. कमिशनर शिडीवर चढले, मापाची काठी टाकीत सोडली, आकडा लिहिला. मग पुन्हा सोडली. मग चष्मा लावून पुन्हा. खाली टिपणीस साहेबांनी कोटाचं बटण सोडलं, जे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

"किती कमी?" बोटवाल्यांचे वकील ओरडले.

कमिशनर शिडीवरून उतरेनात. वरूनच म्हणाले, "जास्त आहे."

"काय?"

"मलायात भरलं त्यापेक्षा तेल जास्त आलंय."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मेठाराम म्हणाला, "कराची में भी ऐसा नहीं हुआ!" सुभेदारांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी टाकीला सलाम ठोकला. संध्याकाळपर्यंत बोटवाल्यांची नोटीस आली, जास्तीचं तेल आमचं आहे, परत करा. नाबरांनी उलट कळवलं, तुम्हाला वजन माहीतच नाही, मग जास्त कशावरून म्हणता?

पुढच्या तारखेला कोर्ट गच्च भरलं होतं. भोईरही आला होता, धुतलेला सदरा घालून, पार मागच्या बाकावर.

जज्जसाहेबांनी कमिशनरांचं म्हणणं ऐकून घेतलं.

"मागच्या वेळी तेल कमी आलं," ते म्हणाले. "तेव्हा संशय कोणावर होता?"

"वादीच्या टाकीवाल्यावर, हुजूर," बोटवाल्यांचे वकील म्हणाले.

"या वेळी तो तिथे होता?"

"नव्हता, हुजूर."

"आणि तेल जास्त आलं. मग आता संशय कोणावर?"

बोटवाल्यांच्या वकिलांनी नाबरांकडे पाहिलं. नाबरांनी टिपणीस साहेबांकडे, टिपणीस साहेबांनी माझ्याकडे. मी मागे वळून पाहिलं. मग एकेक करून सगळं कोर्टच मागे वळलं, आणि इतके लोक आपल्याकडे बघताहेत म्हणून भोईर गडबडून उभा राहिला.

जज्जसाहेब त्या केसमध्ये पहिल्यांदा मराठीत बोलले. "तुम्ही कोण?"

भोईरनं हात जोडले.

"कमी पडलेल्या तेलाचा चोर मी, सायेब. जास्तीचा कोन, ते मना ठावं नाय."